डुलकीचा परवाना

ऑस्ट्रेलियात दुपारी झोपायची सोय नाही, अशी आपल्या मंडळींची हळहळ असते. ती अनाठायी आहे. या देशात दुपारी कितीतरी जण झोपतात, आणि राजरोस झोपतात. पाळणाघरातली पोरं झोपतात; त्यांच्या झोपेची सोय बघणं संचालकांवर नियमानंच बंधनकारक आहे. हायवेवरचा ड्रायव्हर झोपतो. डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घेऊन पॉवरनॅप काढा, असं सांगणाऱ्या पाट्या व्हिक्टोरियात रस्त्याकडेला ठोकलेल्या आहेत. सुट्ट्यांच्या गर्दीत 'ड्रायव्हर रिव्हायव्हर'चे स्वयंसेवक वर फुकट चहाही पाजतात. कोआला तर दिवसातले अठरा-वीस तास झोपतो आणि लोक तिकीट काढून ते बघायला जातात. म्हणजे या देशाचं झोपेशी वाकडं नाही. वाकडं आहे ते ऑफिसात बसणाऱ्या धडधाकट माणसाच्या झोपेशी, कारण त्याच्यापाशी दाखवायला कारण नसतं.

पण खरंच नसतं का? कोआलाची बाजू अशी मांडतात, की निलगिरीचा पाला पचायला जड, त्यात सत्त्व कमी, म्हणून बिचारा शक्ती जपून वापरतो. जड जेवण हे कारण ग्राह्य धरायचं, तर तूप थापलेल्या तीन पुरणपोळ्यांचा खटला कोआलापेक्षा भक्कम आहे. यावर कोणी म्हणेल, की सिडनीच्या ऑफिसात पुरणपोळी खातो कोण? तिथं डेस्कवरच सँडविच उरकतात. मान्य. मात्र दुपारची गुंगी केवळ जेवणानं येत नाही. शरीराच्या घड्याळातच एक ते तीनच्या सुमाराला एक उतार असतो. उपाशी माणसालाही तो लागतो. त्या वेळच्या मीटिंगमध्ये मान डोलावणारे सगळेच सहमत असतात, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

कामाचे तास बुडतील, हा दुसरा आक्षेप. आणि तो मेलबर्नमध्ये घेतला जावा, याची गंमत वाटते. १८५६ साली तिथल्याच पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळवला. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती. ट्रेड्स हॉलसमोरच्या स्तंभावर तीन आठ अजून उभे आहेत. ते तिसरे आठ तास रात्री सलग संपवावेत, असं त्यावर कुठं लिहिलेलं नाही. व्हिएतनाममध्ये तर ऑफिसातले दिवे जेवणानंतर मालवतात, टेबलाखाली चटया अंथरतात आणि साहेबासकट सगळे आडवे होतात. त्यानं त्या देशाचे कारखाने बंद पडलेले नाहीत. उलट इथल्याच फुटस्क्रे आणि कॅब्रामॅटा या उपनगरांतल्या व्हिएतनामी बेकऱ्या बघा. वामकुक्षीची एवढी मोठी परंपरा असलेली माणसं ऐन त्याच वेळेला दुसऱ्यांना पाव भरून देत उभी असतात. पुणेकरांनी हसू नये. एक ते चारची पाटी मिरवणाऱ्या चितळे बंधूंनीही २०१७ पासून दुपारी दुकान उघडं ठेवलं.

घरचा आक्षेप मात्र खरा टोकदार आहे. आयुर्वेदच दिवसा झोपू नका म्हणतो. म्हणतो खरा, पण चरकसंहितेतली सवलतींची यादी वाचण्यासारखी आहे: लहान मुलं, म्हातारे, प्रवासानं दमलेले, अजीर्ण झालेले, अध्ययनानं शिणलेले. पाळणाघर आणि हायवे ऑस्ट्रेलियानं जसेच्या तसे घेतले. एक्सेल शीट वाचून शिणलेल्याला तेवढं वगळलं. शिवाय ग्रीष्मात सर्वांनाच मोकळीक आहे. इथं ग्रीष्म कधी? उन्हाच्या हिशेबानं डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे संक्रांतीचा तिळगूळ चाळीस अंशांत खायचा. पंचांगाच्या हिशेबानं ज्येष्ठ-आषाढ, तेव्हा मेलबर्नकर हीटर लावून बसलेला. शास्त्राला मान द्यायचा तर दोन्ही ग्रीष्म पाळावेत: एक पंखा लावून, दुसरा रजई ओढून. राहता राहिले मधले महिने. तेवढ्यापुरतं अजीर्णाचं बघता येईल.