अश्वत्थामा वजा करा

गूगलवर ‘असीरगढ’ टाका. पुढ्यात येतो अश्वत्थामा. कपाळावरची भळभळती जखम, किल्ल्यातलं शिवमंदिर, भल्या पहाटे पिंडीवर कुणीतरी वाहून गेलेलं ताजं फूल. एकाचं वाक्य दुसऱ्याने उचललेलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीत तेच उतरतं आणि शेवटच्या पानावर येतं : ‘संदर्भ – गूगल’. त्याखाली सही करणाऱ्या मार्गदर्शकांना माझा थेट सवाल आहे. दुकानाचं नाव सांगितल्याने माल कुठल्या शेतातला ते कळतं का?

दंतकथेवरही उत्तम प्रकल्प होऊ शकतो, पण तो ठरवून करावा. किल्ल्याचा इतिहास हवा असेल तर आधी अश्वत्थामा वजा करा. ‘असीरगढ’ लिहून एक जागा सोडा, वजाचं चिन्ह द्या आणि त्याला चिकटून ‘अश्वत्थामा’ लिहा. पान बऱ्यापैकी मोकळं होतं. नेमके तेच शब्द, त्याच क्रमाने हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत टाका. हे शिकायला दोन मिनिटं लागतात आणि तरी पदवी हातात येईपर्यंत अनेकांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

खरी मेख नावात आहे. आपण आजचं नाव टाकतो, कागद त्याच्या काळातलं नाव वागवतो. हिंदीत गढ, मराठीत गड. हिंदीतला नुक्त्याचा ‘ढ़’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, त्यामुळे एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत समोर असलेलं पुस्तकही सापडत नाही. म्हणून नुक्ता लावून आणि काढून, दोन्ही करून पाहावं. मराठी लेखनात ‘अशीरगड’ भेटतो. पुढे जाऊन ‘अशेरी’ टाकलंत तर मात्र थेट पालघर जिल्ह्यात पोचाल. तो वेगळा किल्ला, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतला. आणि इंग्रजांनी किल्ला घेतला त्या १८०३ किंवा १८१९चे इंग्रजी कागद हवेत? मग रोमन लिपीत ए, दोन एस, दोन ई, आर आणि पुढे जी-एच-यू-आर, असं लिहा. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात आणि त्या काळच्या लष्करी पुस्तकांत किल्ला या वेशात वावरतो. एवढं एक स्पेलिंग बदललं की शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना इथे आसरा मिळाल्याचा इंग्रजांचा संशय आणि एप्रिल १८१९मधली शरणागती, सगळं समोर येतं.

इंटरनेट अर्काइव्हवर आणखी एक खुबी आहे. तिथला शोध आधी फक्त पुस्तकाचं नाव आणि त्याची माहिती एवढ्यातच फिरतो. आतल्या मजकुरात शोधायचं तर तसा पर्याय निवडावा लागतो. जुनी देवनागरी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून मराठी साधनांच्या बाबतीत शोधावर विसंबू नये. पुस्तक उघडून मागची सूची स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

जिल्ह्याचंही तेच. असीरगढ ज्यात आहे तो बुऱ्हाणपूर जिल्हा झाला २००३मध्ये. ‘बुऱ्हाणपूर गॅझेटिअर’ मागणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो, कारण रसेलचं १९०८चं गॅझेटिअर ‘निमाड’ या नावाने कपाटात उभं असतं. शेजारच्या खानदेशचं १८८०चं, मुंबई गॅझेटिअरचा बारावा खंड, तेही सोबत काढावं. फारुकी सुलतानांचा खानदेश आजची राज्यसीमा ओळखत नव्हता. किल्ला ज्याच्या ताब्यात, त्याच्या नावाखाली कागद, हेही ध्यानात असू द्या. उदगीरच्या तहाने १७६०मध्ये तो मराठ्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला. म्हणजे पुण्या-धुळ्याच्या साधनखंडांत ‘शिंदे’ उघडायचं.

हा खटाटोप कशासाठी, ते १६०१ सांगतं. अकबराने असीरगढ कसा घेतला? अबुल फझल म्हणतो, किल्ल्यात रोगराई पसरली. जेझुइट पाद्र्यांची हकिगत म्हणते, बादशहाने शब्द मोडून फारुकी सुलतान बहादूरशहाला अडकवलं आणि पुढे किल्ल्यातल्यांना लाच चारली. व्हिन्सेंट स्मिथने १९१७च्या अकबरचरित्रात पाद्र्यांचा पक्ष घेतला. पाद्र्यांची हकिगत ज्यात आहे त्या ड्यू जारिकच्या ग्रंथातल्या अकबराविषयीच्या भागाचा पेनने १९२६मध्ये इंग्रजी अनुवाद केला आणि स्मिथशी मतभेद नोंदवला. स्मिथची एक तळटीप धरून मागे गेलं की पाद्री आणि अबुल फझल, दोघांच्याही मूळ ग्रंथांपर्यंत पोचता येतं. तळटिपेइतका भरवशाचा वाटाड्या कोणत्याही शोधयंत्रात नाही. चॅटबॉटने दिलेला संदर्भही असाच तपासावा : ग्रंथनाम सूचीत सापडलं, पान उघडलं, वाक्य दिसलं, तरच वहीत.

आणि महाविद्यालयांनो, ग्रंथालयातली कपाटं उघडा. इतिहासाच्या ९५४ क्रमांकाच्या फळीसमोर विद्यार्थ्याला अर्धा तास उभं राहू द्या. मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारी काय आहे, हे चिठ्ठी देऊन खिडकीबाहेर थांबणाऱ्याला कधीच दिसणार नाही.