बंदूकवाले काकाजी

यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक मोठ्या गावांत एखादे तरी बंदूकवाले काकाजी सापडतात. दारव्हा, दिग्रस, पुसद, राळेगाव, वणी, कुठेही गेले तरी लक्षणे फारशी बदलत नाहीत. वय साठीच्या पुढे, कोरडवाहू जमीन, तीत कापूस, तूर आणि सोयाबीन, अर्धा पडलेला वाडा, आणि उरलेल्या अर्ध्यातल्या लोखंडी कपाटात आजोबांची बारा बोअरची दुनळी. त्यांचे आडनाव गावात फारसे कोणी वापरत नाही. पत्ता विचारला तर "बंदूकवाल्या काकाजीचं घर म्हंता का? थे काय, लिंबाजवळ" असे उत्तर मिळते. या बंदुकीचा बार ऐकलेला माणूस मात्र गावात हयात असेलच असे नाही. शेती बटईने दिलेली असल्यामुळे काकाजींकडे एकच पूर्णवेळ काम उरलेले असते. बंदूक विकायची, दुरुस्त करून घ्यायची, की थोडा फेरफार करून वापरात आणायची, हे ठरवणे. पंचवीस-तीस वर्षे हे काम नेटाने चालू असते आणि त्यात त्यांनी कधी खंड पडू दिलेला नसतो.

बंदूक घरात आली त्या काळाचा काकाजींना फार अभिमान असतो. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. आजचा यवतमाळ जिल्हा इंग्रजी अमलात आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, 1905 मध्ये त्याला हल्लीचे नाव मिळाले. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. साहजिकच ज्या देशमुखाला किंवा पाटलाला परवाना मिळाला, त्याच्यावर साहेबाची मर्जी आहे हे गावाला वेगळे सांगावे लागत नसे. कापसाला भाव आला की बंदूक येई. काकाजी ती किंमत अजूनही रुपयांत सांगत नाहीत, किती गाड्या कापूस गेला तेवढे सांगतात, आणि दर दिवाळीला त्यात एक गाडी वाढते.

ओसरीवर आजोबांचा फोटो असतो. समोर मारलेला बिबट्या, मागे दहा-बारा माणसे. आजोबा बिबट्यापासून सर्वांत लांब उभे आहेत, ही गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येते आणि पाहुणे ती बोलत नाहीत. वाघाच्या शिकारीवर 1970 मध्ये बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. म्हणजे काकाजी पाटी-पेन्सिल सांभाळत होते त्या वयातच बंदूक निवृत्त झाली. तरीही शिकारीच्या हकिकती ते प्रथमपुरुषी एकवचनात सांगतात.

परवान्यावर बंदुकीचे कारण 'पीक संरक्षण' असे लिहिलेले असते. कारण खोटे नाही. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत तुरीचा आणि सोयाबीनचा निकाल लावतात. नासधूस करणाऱ्या या दोन जनावरांना मारण्याची परवानगी वन खात्याकडून मिळण्याची सोय राज्य सरकारने 2015 साली करून ठेवली आहे. त्या परवानगीचा अर्ज काकाजींनी लिहूनही ठेवलेला असतो. फक्त बंदूक चालते की नाही हे आधी ठरायला हवे, आणि ते ठरायला बंदुकीचे काय करायचे हे आधी ठरायला हवे. दरम्यान जागलीला बटईदार जातो, झटका मशीनच्या तारा ओढल्या जातात, आणि धुऱ्यावर काकूंच्या जुन्या साड्या बांधल्या जातात. रोही साडीला किती भिते याबद्दल मतभेद आहेत. बंदुकीला भिण्याची वेळ मात्र त्याच्यावर कधी आलेली नाही.

परवान्याचे नूतनीकरण हा काकाजींचा सण. पूर्वी तो तीन वर्षांनी येई, 2019 च्या दुरुस्तीने पाच वर्षांवर गेला, आणि याबद्दल ते सरकारवर नाराज आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या, पोलिसांचा अहवाल, शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला, बंदूक कुलूपबंद ठेवण्याची हमी, हे सगळे ते प्लास्टिकच्या पिशवीत तारखेनुसार लावून नेतात. मनाच्या दाखल्यासाठी डॉक्टर "बंदूक शेवटची कधी चालवली?" असे विचारतात. "चालवायची आहे, पण आधी ठरू तर द्या" हे उत्तर ऐकून डॉक्टर थोडा वेळ पेन हातात धरून बसतात आणि मग सही करतात.

त्याहून मोठा प्रसंग म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की कोणाच्या परवान्याची हत्यारे जमा करून घ्यायची हे जिल्हास्तरावरची समिती ठरवते, आणि ज्याला नोटीस येते तो बंदूक ठाण्यात ठेवून पावती घेऊन येतो. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात झाल्या, त्यामुळे काहींना हा मान दोनदा मिळाला. बंदूक खांद्याला लावून भर बाजारातून ठाण्यापर्यंत चालत जाण्याचा तो दिवस. वाटेत चहा तीन ठिकाणी होतो. पण समितीने यादी तपासून पाहिली आणि नोटीस आलीच नाही, तर काकाजी दोन दिवस जेवत नाहीत. आपल्यापासून शांततेला काही धोका नाही असे शासनाने लेखी न कळवता कळवले, हा अपमान त्यांना सहन होत नाही. मग ते स्वतःच ठाण्यात जाऊन "माही जमा करून घ्या ना साहेब" अशी विनंती करतात.

आता विक्रीचा मुद्दा. काकाजींच्या मते बंदूक लंडनची असून तिचे लाखो रुपये यायला हवेत. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर मँटन किंवा रॉडा यांचे नाव कोरलेले असते आणि घरातल्या तीन पिढ्यांनी ते साहेबी नाव बोट फिरवून वाचलेले असते. वास्तविक या दोन्ही पेढ्या कलकत्त्याच्या. अशा पेढ्या बाहेरून घडवून आलेल्या मालावरही आपले नाव घालीत, त्यामुळे पट्टीवरचे नाव अनेकदा दुकानदाराचे असते. बंदुकीची खरी जात नळ्यांच्या पोटावर लिहिलेली असते, आणि ती वाचायला बंदूक उघडून नळ्या वेगळ्या कराव्या लागतात. तिथे चाचणीघराचे ठसे असतात. बर्मिंगहॅमच्या ठशांत मुकुटाखाली अक्षरे असतात, बेल्जियममधल्या लिएजच्या ठशात लंबगोलात ई, एल, जी अशी तीन अक्षरे. लंडनची म्हणून जपलेली बंदूक लिएजची निघणे ही काही विरळा गोष्ट नाही. लिएजची बंदूक वाईट असते असे मुळीच नाही, तिथला हा धंदा शतकांचा आहे. पण काकाजींना हे कोणी सांगू नये. सांगणाऱ्याला दुसरा चहा मिळत नाही.

भाव न येण्याचे कारण वेगळेच आहे. परदेशी हत्यारांची आयात 1980 च्या दशकात जवळजवळ बंद झाली, त्यामुळे विलायती रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक तुटून पडते. त्याच न्यायाने आपल्या दुनळीलाही पडेल असे काकाजी धरून चालतात. दुनळी मात्र कमरेला लावता येत नाही, लग्नात मिरवता येत नाही आणि उडवली तर त्याहून वाईट, कारण आनंदाच्या भरात बार काढणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला आहे. शिवाय गिऱ्हाईकापाशी परवाना हवा. खासगी विक्रीसाठी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात. निर्णय बदलायला काकाजींना इतका वेळ कधीच लागत नाही. नागपूरच्या विक्रेत्याने आकडा सांगितला की ते तो मनात कापसाच्या क्विंटलात बदलून पाहतात, आजोबांच्या गाड्यांशी ताडतात आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून परतीची एसटी धरतात.

2018 मध्ये तर विक्रीचा विषय काढणेच अशक्य झाले. राळेगाव आणि पांढरकवडा भागात टी-1 वाघिणीच्या हल्ल्यांत तेरा माणसे गेल्याचे सांगितले जात होते, संध्याकाळनंतर शेतात जायला कोणी धजत नव्हते, आणि तो विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हत्ती आले, सापळा कॅमेरे आले, वाघिणीला आकर्षित करण्यासाठी विलायती अत्तर शिंपडल्याच्याही बातम्या आल्या. शेवटी 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्याच्या गोळीने ती मेली, आणि त्यावरचा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला. काकाजींची तक्रार या सगळ्यापेक्षा साधी होती. जिल्ह्यात बंदुका असताना हैदराबादेहून माणूस कशाला आणला? छऱ्यांची बंदूक वाघासाठी नसते आणि अशा कामाला शासनाचा आदेश लागतो, हे त्यांना पुतण्याने समजावले. त्यावर त्यांनी त्या फोटोकडे बोट दाखवले.

दुरुस्तीचा मार्ग तत्त्वतः सर्वांत सन्मानाचा, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ जातो. बंदुकीचे तीन आजार असतात. नळीत आतून गंजाचे खड्डे पडलेले, बिजागरीची जागा झिजून नळ्या खुळखुळणाऱ्या, आणि दस्ता मनगटाशी तडकलेला. तडक गावच्या सुताराने तांब्याच्या तारेने आवळून दिलेली असते. काम पक्के असते, पण पाहणाऱ्याला आधी तारच दिसते. एका दसऱ्याला शस्त्रपूजेपूर्वी कोणीतरी नळ्यांना चंदेरी रंगही फासलेला असतो. त्या रंगाने नळीचे मूळचे निळसर-काळे पाणी आणि गिऱ्हाईकाची उरलीसुरली इच्छा, दोन्ही एकदम झाकली जातात.

या तीन आजारांपैकी एकाच आजारावर घरी काही करता येते. विलायती कारागीर अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल थोडे थोडे चोळून चकाकी आणत. विदर्भाला जवस परका नाही. तेल स्वयंपाकघरातच असते आणि काकू ते द्यायला तयार असतात. पण तेल नागपूरच्या दुकानातले, छोट्या बाटलीतले आणि इंग्रजी नावाचे असावे असा काकाजींचा आग्रह असल्याने जवसाची चटणी होते आणि दस्ता कोरडा राहतो.

नळ्यांचे काम मात्र परवानाधारक कारागिराचेच, आणि तिथे खरा धोका लपलेला असतो. जुन्या इंग्रजी बंदुकांचे काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे साधारण 65 मिलिमीटरचे. आजची बहुतेक काडतुसे 70 मिलिमीटरच्या घरासाठी असतात. लांब काडतूस आत बसते, म्हणूनच माणूस फसतो, कारण बार होताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. त्यात नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली, दमास्कस जातीची असेल, तर ती बहुधा काळ्या दारूच्या जमान्यातली. आधुनिक दारूसाठी तिची चाचणी झाल्याचा ठसा नसेल तर तिच्यातून बार न काढणेच शहाणपणाचे. कारागीर हे समजावून सांगतो. काकाजी मान डोलावतात आणि घरी येऊन सांगतात की बंदूक इतकी जबरदस्त आहे की हल्लीची काडतुसे तिला चालतच नाहीत.

उरला फेरफार. ही कल्पना काकाजींची स्वतःची कधीच नसते. ती पुतण्याची असते, आणि पुतण्याने ती मोबाइलवर पाहिलेली असते. तीस इंची नळ्या कापून आखूड केल्या तर बंदूक जीपमध्ये बसेल, धरायला सोपी जाईल आणि "दिसाले बी भारी दिसन". 1959 च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम खास परवान्यावाचून नळी आखूड करायला मनाई करते, आणि ते मोडणाऱ्याला तुरुंग ठेवलेला आहे. वीस इंचांखाली गेलेली नळी नियमांच्या दृष्टीने वेगळ्याच वर्गात मोडते. कायदा बाजूला ठेवला तरी करवत पहिल्यांदा चोक खाते. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली बारीक आवळण, तिच्यामुळे छरे लांबवर एकत्र जातात. ती गेली की छरे लवकर पांगतात आणि रोही तुरीतच राहते. काकाजी पुतण्याला ओसरीवरून हाकलतात. त्यांच्या आयुष्यातला हा एकच निर्णय तात्काळ घेतलेला आणि संपूर्ण बरोबर असतो.

चुलत घराण्याबद्दल मात्र त्यांना हेवा वाटतो. तिथे एका नावावर तीन हत्यारे होती. 2019 च्या दुरुस्तीने कमाल मर्यादा दोनवर आणली आणि एक सोडावे लागले. न ठरवता ठरले, असे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

वारसाचा प्रश्न सत्तरीला उभा राहतो. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे हत्यार बाळगले की तो सांगेल त्या वारसाला परवाना देता येतो. पात्र ठरवले तरच, अर्थात. मुलगा हिंजवडीला असतो. "बाबा, इथं सोसायटी कुत्रा ठेवू देत नाही," असे तो कळवतो. सून बोलत नाही, पण फोन स्पीकरवर असल्याचे ऐकू येते. अमरावतीला दिलेली मुलगी तयार असते. स्पर्धा परीक्षेसाठी तिने कायदे वाचलेले असतात आणि कलमे तिला तोंडपाठ असतात. मात्र तिने बंदूक हातात घेतली की पहिल्याच महिन्यात काहीतरी ठरून जाईल, ही भीती काकाजींना आतून खाते. म्हणून तिचा अर्ज भरलेला असतो आणि सही राहिलेली असते.

वारस ठरत नाही, परवान्याची मुदत टळते, आणि बंदूक घरात ठेवणे बेकायदा होते. अशा वेळी कायदा ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला सांगतो. ठरलेल्या मुदतीत काहीच झाले नाही तर ती सरकारजमा होते. काकाजी विक्रेता निवडतात. त्याच्या मागच्या खोलीत गावोगावच्या दुनळ्या चिठ्ठ्या बांधून उभ्या असतात आणि त्या सांभाळण्याचे भाडे तो घेतो. बाकीचे मालक फोन उचलत नाहीत अशी त्याची तक्रार असते, पण काकाजींबद्दल तो चांगलेच बोलतो. ते भाडे आगाऊ भरतात, नळ्यांना तेल लावून घेतात, आणि निघताना "सध्या भाव काय चालू आहे?" असे विचारून जातात.