मूटमामा

मृग लागला की मूटमामा घर सोडायच्या तयारीला लागतात. ही तयारी दसऱ्यापर्यंत चालते, त्यामुळे घर सोडायला त्यांना सवड म्हणून मिळत नाही.

मूट म्हणजे गाठोडं. सिरोंच्यात घरोघरी तेलुगू चालते, तेव्हा टोपणनावही तिकडूनच पडलं. मामांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि रेशनकार्ड मुटेत आहे. सातबारा, आधार, पासबुक, पोराचा जातीचा दाखला हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, ती स्टीलच्या डब्यात, डब्याला कुलूप आणि किल्ली मामांच्या करदोट्याला. शिवाय मेणात बुडवलेल्या काड्या, मीठ-साखरेच्या पुड्या, क्लोरीनच्या गोळ्या, दोरखंड, मिरचीचं बी आणि टॉर्च. वीज गेली की गल्लीत घरोघरी उजेड होतो, मामांकडे तेवढा काळोख. मामी टॉर्च मागतात. मामा म्हणतात, "मुटेतला आहे. आणीबाणीचा आहे." मग मामी शेजारून मेणबत्ती आणतात.

एकदा आपत्ती व्यवस्थापनाच्या शिबिरात साहेबांनी सांगितलं, पिशवी अशी बांधा की एका हातानं उचलून निघता आलं पाहिजे. मामा उभे राहिले. "साहेब, निघाले पिशवी पुरते. पण तिकडं जाऊन जगाले सामान लागते ना जी!" साहेबांनी पुढचा मुद्दा घेतला.

मामांचा खरा जीव मात्र आकड्यांत. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्यावरून येऊन समोर काळेश्वरला गोदावरीत शिरते. म्हणजे अर्ध्या विदर्भात पाऊस पडला की हिशेब मामांच्या पडवीत. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचे 33 दरवाजे. त्यांतले किती उघडले आणि किती मीटरनं, हे मामांना तोंडपाठ. अडचण अशी, की आपल्याकडे विसर्ग क्युमेकमध्ये सांगतात आणि पलीकडे तेलंगणात क्युसेकमध्ये, आणि सिरोंच्यात दोन्हीकडचे निरोप येऊन पडतात. एका क्युमेकचे 35.3 क्युसेक होतात. इकडचा आकडा ऐकणारा पांघरूण ओढून झोपतो, तिकडचा ऐकणारा गुरं सोडतो, आणि पाणी दोघांच्याही दारात तेवढंच येतं. म्हणून मामा सकाळी चहाच्या टपरीवर जाऊन फळीवर खडूनं गुणाकार मांडतात. टपरीवाला तो पुसतो, कारण त्याच फळीवर त्याची उधारी असते.

वरच्या पाण्यावरही त्यांचं भागत नाही. भद्राचलमला 1986 च्या ऑगस्टात गोदावरी 75.6 फुटांवर चढली होती, 2022 च्या जुलैत 71.3 वर गेली. हे आकडे ते नातवंडांच्या जन्मतारखांपेक्षा पक्के सांगतात. मी एकदा म्हटलं, "मामा, भद्राचलम आपल्या खाली. ते पाणी आपल्या दारावरून गेलेलं असते."

"गेलेल्या पाण्याचा हिशेब कोण ठेवन मग?"

याला उत्तर नाही. सरकारकडेही नसावं.

86 चा पूर पाहिलेला माणूस म्हणून मामांना गावात मान होता. पाणी वरून येतं, तेव्हा मूट खालच्या अंगाच्या दाराशी ठेवायची, असं त्यांचं शास्त्र. 2019 च्या जूनमध्ये संगमाच्या खाली मेडीगड्डा बॅरेजचं उद्घाटन झालं, 85 दरवाज्यांचं, आणि पाणी खालूनही फुगून मागं यायला लागलं. मामांनी मूट उचलून (म्हणजे ढकलून) समोरच्या दाराशी आणली. आता गाठोडं कुठल्या दारात ठेवावं हे नदीनं सांगायचं की शेजारच्या राज्यानं, हा प्रश्न त्यांनी तलाठ्यालाही विचारला. नदीकाठच्या ज्यांची पिकं बुडाली, बांध खचले, ते भरपाईसाठी उपोषणाला बसले. तिथं मात्र मामा कोणाला गुणाकार सांगत नाहीत. 21 ऑक्टोबर 2023 ला बॅरेजचे खांब खचले, पाणी अडवणं थांबलं. गावानं सुस्कारा सोडला आणि मामा उतरल्या तोंडानं बसले. कुंडलीतला एक ग्रहच काढून घेतल्यावर ज्योतिषानं काय करावं!

2022 च्या जुलैत खरंच निघायची वेळ आली. नदीकाठची गावं हलवत होते. मामांच्या वस्तीत कोतवाल सांगून गेला, शाळेत न्यायला ट्रॅक्टर आला. मामी पहिल्याच खेपेला चढल्या. हातात भाताचा डबा, बीपीच्या गोळ्या आणि मोबाईलचा चार्जर. मामांनी नियमाप्रमाणे मेन स्विच पाडला, गॅस बंद केला, गुरांची दावी सोडली. इथवर त्यांच्याइतकं शिस्तीत कोणीच केलं नव्हतं. मग मुटेतलं सामान यादीशी ताडून पाहायचं राहिलं. यादी डब्यात. डबा तळाशी. ट्रॅक्टर दुसरी खेप घेऊन गेला, तिसरीला आला, तरी मामा पडवीत गुडघाभर सामानात बसून "क्लोरीन, आहे. दोर, आहे," करत होते. शेवटी चार पोरांनी मूट उचलली आणि दोघांनी मामांना. मामा जड गेले नाहीत.

शाळेत पोचल्यावर मात्र मामांचे दिवस आले. रात्री कोणाला सेल हवे, कोणाला सुतळी, एका बाळंतिणीला गरम पाण्यासाठी कोरडी काडी. सगळं मुटेतून निघालं. मीठ-साखरेच्या पुड्या तर हातोहात गेल्या. शिबिरातल्या साहेबांच्या एका हाताच्या पिशवीत यातलं काय मावलं असतं, असं तेव्हा आम्हालाही वाटून गेलं. मामा कोणालाही नाही म्हणाले नाहीत. फक्त प्रत्येक वस्तूची वहीत नोंद केली, नाव, वेळ आणि सही घेऊन.

ती वही अजून चालू आहे. बाजारात भेटले की नमस्काराच्या आधी मामा खिशात हात घालतात. बाळंतिणीचं ते पोर आता अंगणवाडीत जातं, त्याच्या नावावर सहा काड्या आहेत. माझ्याकडे एक सेफ्टी पिन निघते. मी पाकीटभर नेऊन दिल्या, तर मामांनी एक मोजून घेतली, बाकीच्या परत केल्या आणि पोच म्हणून माझी सही मागितली. पेन मुटेत होतं.