कॅस्टोरिनींच्या घरातली भानगड

"शैला, काल रात्री उशिरापर्यंत तुमच्याकडे दिवा होता. पाहुणे का गं?"

"छे हो माई, 'मूनस्ट्रक' बघत बसले होते. १९८७चा सिनेमा. ब्रुकलिनमधलं कॅस्टोरिनी नावाचं इटालियन घर, आणि एकेकाची भानगड ऐकाल तर थक्क व्हाल!"

"सांग की मग. माझा कुकर व्हायचाय अजून."

"लोरेटा म्हणून विधवा, वय सदतीस. तिचं लग्न ठरतं जॉनीशी. तो आजारी आईकडे पालेर्मोला जातो. जाताना सांगतो, धाकट्या भावाशी, रॉनीशी, पाच वर्षं बोलणं नाही, त्याला लग्नाचं आमंत्रण दे. ही जाते आणि त्याच रात्री भावाच्या गळ्यात पडते."

"अगबाई! होणाऱ्या दिराच्या?"

"हो ना! आणि बाप, कॉस्मो, प्लंबर. गिऱ्हाइकाला तांब्याचेच पाइप घ्यायला लावतो, पैसा बक्कळ. पण लेकीच्या लग्नाचा खर्च म्हटला की हात आखडता. मोना नावाच्या बाईला मात्र दागिने!"

"मेल्याला लाज कशी नाही!"

"ऐका तर. न्यूयॉर्कच्या मोठ्या ऑपेरात लेक रॉनीला घेऊन, बाप मोनाला घेऊन, आणि दोघं समोरासमोर! शेवटी बाप काय म्हणतो? मी तुला इथे पाहिलंच नाही."

"बायकोला पत्ताच नाही?"

"रोझला? सगळा वास लागलेला. पण थयथयाट नाही. एकटी बाहेर जेवायला जाते. तिथे एका प्राध्यापकाच्या तोंडावर त्याची तरुण मैत्रीण ग्लास रिकामा करून निघून जाते. रोझ त्यालाच टेबलावर बोलावते. तो घरापर्यंत सोडायला येतो, आत यायलाही तयार. ही म्हणते, नाही, मी लग्न झालेली आहे आणि मी कोण आहे हे मला कळतं. त्यात रस्त्यात कुत्री फिरवणारा सासरा भेटतो!"

"संपलं!"

"म्हातारा शहाणा. गप्प राहतो. रोझला एकच कोडं पडलेलं असतं, पुरुष बायांमागे का धावतात? पालेर्मोहून परतलेला जॉनी म्हणतो, मरणाच्या भीतीनं. रात्री नवरा घरी आला की ती सरळ सांगते, काहीही करा, सगळ्यांसारखे तुम्हीही मरणारच. तो चक्क आभार मानतो!"

"बाई खमकी आहे."

"सकाळी नाश्त्याला सगळ्यांदेखत बजावते, तिला भेटणं बंद. तो उठतो, टेबलावर हात आपटतो, पुन्हा बसतो आणि 'बरं' म्हणतो. ऑलिंपिया डुकाकिसनं काम केलंय रोझचं. तिला आणि लोरेटा झालेल्या शेरला, दोघींना ऑस्कर. गंमत म्हणजे एक ग्रीक घराण्यातली, दुसरीचे वडील आर्मेनियन घराण्यातले. नेपल्समध्ये जन्मलेला कोण, तर कॉस्मो झालेला विन्सेंट गार्डेनिया."

"ते असू दे. बापानं केलं ते पाप आणि लेकीनं केलं ते प्रेम, हा कुठला न्याय?"

"लेकीचं लग्न व्हायचं होतं, माई. बापाच्या लग्नाला जन्म लोटला."

"हं, तेही खरं. पण त्या जॉनीचं काय?"

"तो परत येऊन आपणच लग्न मोडतो. म्हणे, हे लग्न केलं तर आई मरेल! लोरेटा त्याची अंगठी त्याच्या हातात ठेवते. रॉनी तीच अंगठी उसनी मागून तिथल्या तिथे लोरेटाला मागणी घालतो."

"एका पैशाचा खर्च नाही! कॉस्मोला शोभतो गं जावई!"