फर्स्ट ओनर

शोरूमचा मुलगा जुन्या वॅगन आरभोवती फिरत असतो आणि काका त्याच्या दोन पावलं मागे. त्यानं दारावर टकटक केली की ते कळवळतात. "हळू रे. फर्स्ट ओनर आहे. पावसात कधी बाहेर काढली नाही." (पुण्यातली २०११ ची गाडी. तेव्हा काका वर्षाचे चार महिने रिक्षानंच फिरत असणार.)

मुलगा भाव सांगतो. एक लाख दहा हजार, वर एक्स्चेंज बोनस. "अरे, एवढ्याचे तर नुसते टायर आणि सीट कव्हरं आहेत! नाना पेठेतून स्वतः उभा राहून घालून घेतलीत." मुलगा टॅबवर आरसी उघडतो.

"काका, याच्यावर एचपी आहे. बँकेच्या कर्जाचा बोजा."

"कर्ज २०१६ लाच फेडलं की!"

"फेडलं असेल. उतरवलं नाही."

काकांच्या घरी गॅसच्या प्रत्येक सिलिंडरची पावती फाइलला लावलेली असते. बँकेनं सही-शिक्का करून दिलेला फॉर्म ३५ आणि एनओसी मात्र त्यांनी इतकी जपून ठेवलेली असते, की कुठे ते त्यांनाही सापडत नाही. त्यातून कर्ज देना बँकेचं, आणि ती १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झालेली. कर्ज गेलं, बँक गेली, आरसीवरचा बोजा तेवढा ठणठणीत. काका शाखेत जाऊन काउंटरवरच्या मुलीला हप्त्यांचा इतिहास पहिल्यापासून ऐकवतात. ती शांतपणे म्हणते, "काका, २०१६ ला मी आठवीत होते."

यथावकाश कागद मिळतो, बोजा उतरतो आणि काकांना जोर चढतो. शोरूमवाला मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पुढे करतो. काका आधी पाठपोट वाचतात, मग सही करतात. ती २०११ च्या सहीशी जुळत नाही. रिटायर झाल्यापासून त्यांनी आडनावाखाली दोन टिंबं द्यायला सुरुवात केलेली असते. पुन्हा सही करा म्हटल्यावर त्यांचा स्वाभिमान दुखावतो. नवी गाडी ते घेतात, जुनी मात्र "ओळखीतल्याच" एका मुलाला पंचवीस हजार जास्त घेऊन देऊन टाकतात. पाचशेच्या स्टँपवर नोटरी होते, पेढे वाटले जातात. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पण ओळखीतल्या माणसाचं सरकारला काय सांगायचं?

मग रविवारी जेवताना वकील जावई विषय काढतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय, की गाडी कितीही हात फिरली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. काकांचा श्रीखंडाचा चमचा हवेतच थांबतो. त्या रात्री ते गाडी घेतलेल्या मुलाला अकरा फोन करतात. तो उचलत नाही. गाडी चालवताना फोन घेत नाही, एवढाच काय तो दिलासा.

चौथ्या दिवशी मोबाइलवर ई-चलान येतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, मर्यादा शंभर, वेग एकशे बारा. सोबत फोटो. काकू घाबरून विचारतात, "आता हो?"

काका चष्मा लावून फोटो मोठा करतात. दोन्ही सीट कव्हरं शाबूत.

"एकशे बारा! चौदा वर्षांची गाडी!" ते जावयाला म्हणतात. "पाठव रे हे त्या शोरूमच्या पोराला. एक लाख दहा म्हणे!"