दोन देश, तीन घड्याळं आणि एक बस्ता

जहाज सकाळी आठला फिलिप्सबर्गच्या धक्क्याला लागलं. डोंबिवलीचे काका तेव्हा पासपोर्टच्या दोन झेरॉक्स घेऊन दाराशी पहिल्या नंबरवर उभे होते. मुलगा न्यू जर्सीला, त्याने आईवडिलांना मायामीहून निघणाऱ्या सात दिवसांच्या क्रूझवर बसवून दिलेलं. काका रेल्वेतून निवृत्त. गाडी चुकणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. काकूंच्या पिशवीत चकल्यांचं सीलबंद पाकीट होतं.

वेळेच्या बाबतीत काकांची तयारी जय्यत होती. मनगटावरचं घड्याळ डोंबिवलीचं, कारण ‘काटे फिरवले की ते बिघडतं’. फोन स्वतःहून स्थानिक वेळ दाखवायचा. जहाजावरची घड्याळं मात्र मायामीच्या वेळेवरच ठेवली होती, आणि जानेवारीत मायामी या बेटापेक्षा एक तास मागे असते. ‘साडेचारच्या आत परत या, जहाजाच्या वेळेनुसार,’ अशी सूचना आदल्या रात्री झाली होती. काकांनी त्यातलं ‘साडेचार’ तेवढं लक्षात ठेवलं.

बेट सुमारे 87 चौरस किलोमीटरचं. बृहन्मुंबईत अशी पाच मावतील. तरी त्यावर देश दोन! दक्षिणेला डचांचं सिंट मार्टेन, उत्तरेला फ्रेंचांचं सेंट मार्टिन. ही वाटणी 1648 च्या तहाची. दंतकथा अशी की एक फ्रेंच आणि एक डच माणूस किनाऱ्याने उलट दिशांना चालत निघाले. जिथे भेटतील तिथे हद्द. फ्रेंच वाइन पीत चालला, डच जिन पीत. जिनने घात केला आणि फ्रेंचांना मोठा तुकडा मिळाला. कथा खोटी असली तरी फ्रेंचांचा हिस्सा खरोखरच मोठा आहे. भाऊबंदकीच्या वाटण्या याहून वाईट झालेल्या काकांनी पाहिल्या होत्या.

डचांना इथे हवं होतं ते मीठ. फिलिप्सबर्ग गाव वसलं आहे तेच मुळी समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर, आणि त्या खाजणात मीठ पिकायचं. मधल्या काळात बेट स्पॅनिशांकडे गेलं. ते परत घ्यायला 1644 मध्ये पीटर स्टायव्हसंट चालून आला आणि तोफगोळ्याने एक पाय गमावून बसला. पुढे हाच लाकडी पायाचा गृहस्थ न्यू अ‍ॅमस्टरडॅमचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा, गव्हर्नर झाला. ‘आपल्या पोराच्या नदीपलीकडचाच की,’ काका म्हणाले.

आता तिथे मिठाऐवजी दागिने. त्या दिवशी धक्क्याला चार जहाजं होती. जहाजावरून मिळालेल्या नकाशात देवळं, वाडे, टेकड्या नव्हत्या, दुकानं होती. आयात शुल्क नाही, त्यामुळे फ्रंट स्ट्रीटवर सोनं, हिरे, कॅमेरे, दारू अशी रांगच. 1793 चं कोर्टाचं घर, त्याच्या माथ्यावरचं अननस, हे बघायला मान वर करावी लागते. तेवढ्यात ‘फुकट लॉकेट’ म्हणत कोणीतरी आत ओढतं.

काकू ओढल्या गेल्या. मालकाने दोघांकडे एकदाच पाहिलं.

“कुठले तुम्ही? ठाणे की कल्याण?”

“डोंबिवली!”

“मी उल्हासनगरचा!”

कॅरिबियन बेटांवर सिंधी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवत आले आहेत, यात नवल काहीच नाही. नवल काकूंना वाटलं, कारण मुलाच्या लग्नाचा बस्ता त्यांनी उल्हासनगरच्या गजानन मार्केटात बांधला होता. त्यामुळे तिथल्या भावाचा त्यांचा अभ्यास पक्का. टांझानाइटची निळी कर्णफुलं, 180 डॉलर. काकू म्हणाल्या, साठ. दगड टांझानियाचा, बेट डचांचं, मालक सिंधी आणि घासाघीस मराठीत. एकशेवीसवर गाडी अडली आणि काकांनी काकूंना बाहेर काढलं.

पुढे व्हॅनबस. काचेवर जायच्या गावाचं नाव लिहिलेलं असतं, हात केला की थांबते. काकांनी चढताचढता विचारलं, “माहो बीच?” चालक म्हणाला, “गुड मॉर्निंग.” काकांनी पुन्हा विचारलं, “माहो?” पुन्हा “गुड मॉर्निंग.” काकू मागून म्हणाल्या, “गुड मॉर्निंग!” आणि अख्खी बस एका सुरात उत्तरली. मग दोघांना जागाही मिळाली.

सिम्पसन बेला पूल वर उचलला जात होता. नौका आत सोडायला तो दिवसातून ठरावीक वेळी उघडतो आणि दोन्हीकडे वाहनांच्या रांगा लागतात. “ठाकुर्लीचं फाटक!” काका हरखले. दिवसभरात त्यांना मनापासून आवडलेली ही पहिली गोष्ट.

माहोला विमानं डोक्यावरून, अक्षरशः टोपीवरून उतरतात. धावपट्टी जेमतेम 2,300 मीटरची, आणि तिच्या कुंपणापलीकडे रस्ता सोडला की लगेच वाळू. बारवाल्यांनी विमानांच्या वेळा सर्फिंगच्या फळीवर लिहून ठेवल्या होत्या. त्या वाचून काका गहिवरले. त्यांची टोपी समुद्रात गेली ती उतरणाऱ्या नव्हे, सुटणाऱ्या विमानाच्या झोताने. अशाच झोताने कुंपणाशी उभी असलेली एक पर्यटक 2017 मध्ये मरण पावली. धोक्याच्या पाट्या मोठ्या आहेत, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढणारे त्याहून जास्त.

माहोहून दोघं फ्रेंच बाजूला निघाली. हद्दीवर चौकी नाही, शिपाई नाही, फक्त झेंडे. बातमी फोनने दिली: फ्रान्समध्ये स्वागत असो! एका बाजूला 110 व्होल्ट, दुसऱ्या बाजूला 220. शेजारच्या गावात फोन लावायचा तर तो परदेशी कॉल. तिकडच्या मारिगो गावात काकूंनी कॉफी घेतली, काकांनी तिची किंमत रुपयांत काढली, आणि कॉफी गार झाली.

फिलिप्सबर्गला परतल्यावर काकांनी फोन पाहिला. चार वाजून पाच! मग जी पळापळ झाली तिचं वर्णन नको. गावातून धक्क्याला जाणाऱ्या छोट्या बोटीने दोघं धापा टाकत फाटकाशी पोचली. पहारेकऱ्याने शांतपणे जहाजाच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तीन वीस.

काका सावलीत बसले. काकू बसल्या नाहीत. पुढच्याच बोटीने त्या एकट्या परत गेल्या आणि जहाजाच्या सव्वाचारला कर्णफुलं घालून आल्या. पंचाण्णव डॉलर. जाणारं गिऱ्हाईक आणि उतरणारं ऊन पाहून मालक नरमला होता. चार पस्तीसला लाल झालेलं एक जोडपं चपला हातात घेऊन धक्क्यावरून धावत आलं, आणि बाल्कन्यांतून त्यांना टाळ्या मिळाल्या. सर्वात जोरात काकांच्या.

जाणाऱ्यांनी घड्याळ जहाजाचं लावावं, बसमध्ये आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं, आणि टोपी घरीच ठेवावी.