गडग्यावरचं परीक्षण

आमच्या वाडीत सिनेमाला स्टार देत नाहीत. ‘बरो आसा’, ‘बघूक होता’, ‘टायम जाता’ आणि ‘कित्याक गेलंव!’ अशा चार पायऱ्या आहेत आणि त्यांत मावला नाही असा सिनेमा अजून निघालेला नाही. परीक्षण चालतं ते आमच्या आणि शेजारच्या घरामधल्या गडग्यावर. चिऱ्यावर चिरा रचलेला, कमरेएवढा गडगा. पलीकडून काकीची कोपरं, अलीकडून माझी. काकीचं एक बरं आहे. सिनेमा बघितलेला नसला तरी तिचं मत तयार असतं, आणि बघितल्यावर ते फिरवायला तिला काही वाटत नाही.

तुळशीची लग्नं आटोपली, भात घरात आलं, म्हणजे आता बोलायला सवड. आणि विषय अजून तोच, ‘दशावतार’. लागला होता १२ सप्टेंबर २०२५ला. गणपती पोचवून झालेले, चाकरमानी मुंबईला परतलेले आणि म्हाळवस सुरू. म्हाळात आमच्याकडे कुणी नवं काही घेत नाही, पण सिनेमाचं तिकीट त्यात धरत नाहीत, असा निर्णय काकीनेच दिला. मग बायांनी टेम्पो केला आणि कणकवली गाठली. दोडामार्ग-बांद्याकडची माणसं गोव्यात जाऊन बघून आली. खरं तर दशावतारासाठी खिडकीवर उभं राहून तिकीट काढायचं हेच आमच्याकडे नवल. जत्रेत तो फुकट असतो आणि पहाटेपर्यंत चालतो.

“गे, तो म्हातारो ऐंशी वर्षांचो आसा म्हणतत, खरा?” काकीने परवा पुन्हा विचारलं.

“एक्क्याऐंशी,” मी म्हटलं. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४चा.

“आणि तसो नाचता? माका हयसून न्हाणयेत जावक गुडघो धरूचो लागता.”

प्रभावळकर हा काकीचा हळवा कोपरा. तिच्या लेखी ते आधी टिपऱ्यांचे आबा, मग ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, मग ‘चौकट राजा’तला नंदू. ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजीही तेच, आणि त्या वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मी सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ माझ्याकडे संशयाने पाहिलं. “इतको येगळो दिसता, तर बँकेत सही जुळता कशी तेची?” असं म्हणून विषय मिटवला. या सिनेमात ते बाबुली मेस्त्री आहेत, दशावतारी नट. डोळे अधू होत चाललेले. मुलगा म्हणतो आता थांबा. ह्यांचा पाय थांबत नाही. काकी रडली ती तिथे. “नटाक थांब म्हटल्यार तो थयच अर्धो मेलो,” ती म्हणाली, आणि मागे अंगणात बसलेल्या दादांकडे हळूच पाहून घेतलं.

दादा म्हणजे तिचे दीर. उमेदीत एका दशावतारी कंपनीत पेटीवर बसायचे. वाडीत या सिनेमाचे खरे समीक्षक तेच, आणि त्यांची तक्रार अशी की सिनेमात कुणाला धड बोलूच देत नाहीत. “एक वाक्य बोलता, की लगेच दुसऱ्याचा तोंड. मगे परत ह्याचा तोंड. पाय दिसतत खंय?”

पायाचं प्रकरण मला आधी कळलं नव्हतं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. जत्रेतलं आख्यान लिहिलेलं नसतं. तोंडाला रंग लावता लावता कंपनीचा मालक नाहीतर मुख्य नट सांगतो, आज अमुक आख्यान. तू राजा, तू राक्षस, तू नारद. प्रसंग असे असे. झालं. पुढचं बोलणं उभ्या उभ्या सुचेल ते. देव आणि राक्षस समोरासमोर आले की वाद पेटतो, पुराणातले दाखले निघतात, उलटे प्रश्न होतात, आणि दोघे तयारीचे असले तर अर्धा अर्धा तास कुणी मागे हटत नाही. नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाक. राजा बसला की ते सिंहासन, राणी कलंडली की मंचक, राक्षस वर चढला की डोंगर. आता हा नट बोलणं कधी संपवणार आणि पद कधी सुरू करणार, हे लिहिलेलं नसताना पेटीवाल्याला कळायचं कसं? तर पायावरून. दादांच्या कंपनीत एक नट होता, तो पद घ्यायच्या आधी उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर दोनदा दाबायचा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात दादांची नजर त्या अंगठ्यावर. पहिल्यांदा दाबला की भाता भरायचा, दुसऱ्यांदा दाबला की सूर. मृदंगवाला दादांकडे बघायचा, झांजवाला मृदंगवाल्याकडे. “आता माका सांग,” दादा म्हणाले, “सगळा तोंडच दाखवल्यानी तर पेटयेवाल्यान काय बघूचा?”

मी वाद घातला. म्हटलं, जत्रेत मागे बसलेल्या माणसाला रंग लावणाऱ्या नटाचा हात थरथरतो हे कधी दिसतं का? ते कॅमेऱ्यानेच दाखवायचं. दादांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि “ता खरा” एवढंच म्हणाले. म्हणजे सिनेमा ‘बरो आसा’ आणि ‘बघूक होता’ यांच्या मध्ये कुठेतरी बसला.

काकीच्या नातवाने मात्र गडग्यावर बॉम्ब टाकला. तो बारावीला आहे आणि सगळं फोनवरून बोलतो. म्हणाला, “आजी, हा मराठीतला कांतारा आहे.” पहिला ‘कांतारा’ २०२२चा, नंतरचा २ ऑक्टोबर २०२५ला आला, ‘दशावतार’च्या पाठोपाठ, त्यामुळे ही तुलना सगळीकडे चालली होती. जंगल, गावाची श्रद्धा, वेष चढवलेला माणूस, गावाच्या मुळावर आलेले बाहेरचे लोक. वरवर जुळतंच. काकीने हातातली केरसुणी गडग्याला टेकवली.

“थय अंगात येता. हय सोंग घेतत. एक कसा होतला?”

मी बरीच लेखी परीक्षणं वाचली होती, पण हा फरक असा एका दमात कुणी सांगितलेला आठवत नाही. तुळुनाडूच्या भूतकोल्यात दैव उतरतं. लोक त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात, त्याचा निवाडा मानतात. तसं आमच्याकडेही आहे, पण ते देवळात. तरंगं निघतात, दसऱ्याला अवसर येतात, आणि त्या वेळी कुणी हसत नाही. दशावतार वेगळा. विष्णू झालेल्या नटाच्या पाया पडणारे आहेतच, पण तोच विष्णू पडद्यामागे विडी ओढतो हे पाया पडणाऱ्यालाही ठाऊक असतं. ‘रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा’ असं दशावतारी नटाबद्दल म्हणतात. बाबुलीचं सगळं दुखणं त्या सकाळचं आहे. नातू म्हणाला, “पण आजी, फील सेम आहे ना!” त्यावर काकीने केरसुणी परत उचलली.

सिनेमातल्या खाणीबद्दल गडग्यावर फारसं बोलणं झालं नाही, म्हणजे मतभेदच नव्हता. कळणे गावच्या खाणीतलं पाणी आणि चिखल २०२१च्या पावसात गावात कसा शिरला, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. “दाखवल्यानी ता बरा केल्यानी,” काकी म्हणाली, तेवढंच.

माझं नि तिचं खरं भांडण झालं ते उत्तरार्धावरून. मला तो ताणल्यासारखा वाटला. पहिल्या भागात म्हातारा आणि मुलगा, त्यांची चूल, त्यांची धुसफूस असं बारीक बारीक चाललेलं असताना पुढे एकदम सूड, पाठलाग, गर्जना. शहरातल्या काही परीक्षणांतही हेच म्हटलं होतं, म्हणून मी जोरात होते. काकीने शांतपणे विचारलं, “आख्यानात राक्षस मरता काय नाय?”

“मरतो.”

“मगे? राक्षस मारूचोच लागता. नायतर आख्यान पुरा कसा होतला? लोक उठान घराक कशे जातले?”

मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. जत्रेच्या रात्री राक्षस मेल्याशिवाय खरंच कुणी उठत नाही. कितीही झोप आलेली असो, पोरं मांडीवर पेंगलेली असोत, थंडीने दात वाजत असोत, शेवटचं युद्ध बघूनच चटया गुंडाळायच्या. नव्या सिनेमाच्या चौकटीत मला जे भडक वाटलं, ते तिच्यासाठी नेहमीच्या आख्यानाचं पुरं होणं होतं. तरीही उत्तरार्ध दहा मिनिटं कापता आला असता, हे माझं म्हणणं कायम आहे. शेवट काय ते सांगत नाही. ज्यांचा राहिलाय त्यांनी बघावा.

काकीची सून दिवाळीला मुंबईहून आली होती, ती दुसराच सिनेमा घेऊन आली. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं परीक्षकांचं मोठं पारितोषिक त्याला मिळालं. इथे तो ‘दशावतार’नंतर आठवड्याने लागला, पण आमच्या बाजूला काही पोचला नाही. सून बिचारी गोष्ट सांगताना अडखळत होती. मुलाचे वडील गेले, तो दहा दिवसांच्या सुतकाला मुंबईहून गावी येतो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, तिथे त्याचा लहानपणचा मित्र भेटतो, आणि... इथे ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, पदराशी चाळा केला.

“आणि काय? सांग मगे,” काकी.

“आणि ते दोघे... म्हणजे, त्यांचं एकमेकांवर मन असतं.”

काकी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलेला पहिला प्रश्न असा होता: “सुतक नीट पाळलेला दाखवल्यानी?” सून म्हणाली, हो, पायात काही घालायचं नाही, अमुक खायचं नाही, सगळं आहे. “आणि आवस? आवशीक ठावक आसा?” सून म्हणाली, आईला माहीत असतं, ती पोराच्या बाजूने असते. “मगे बरा झाला,” काकी म्हणाली. “बापूस गेल्यावर पोरग्याक कोणतरी व्हया.” न बघता ‘बरो आसा’ मिळवणारा हा पहिलाच सिनेमा असावा. सुनेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सगळ्याच सिनेमांना ती अशी उदार नसते. ‘सैराट’ टीव्हीवर लागला की गाण्यांना बसते आणि शेवट जवळ आला की उठून चुलीपाशी जाते. २०१६ला तो थेटरात पाहिला तेव्हापासून हे चालू आहे. ते लहान पोर दारातून आत जाऊन बाहेर येतं, आवाज नाही, पायाचे ठसे उमटत जातात, एवढं तिने एकदा पाहिलं, ते पुरे झालं. आणि हाच सिनेमा तिला सगळ्यात आवडतो. “बरो आसा, म्हणान तर बघवना नाय,” हे तिचं म्हणणं. ह्या वाक्याला चारांतली कुठलीच पायरी पुरत नाही, तेव्हा पाचवी करावी लागेल.

एक गाऱ्हाणं मात्र दोन्ही बाजूंचं एक आहे, ते म्हणजे खेळाची वेळ. मल्टिप्लेक्सवाल्यांनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा असा आदेश सरकारने २०१५मध्ये काढला, आणि ओढाताण होऊन दुपारी बारा ते रात्री नऊ असं काहीतरी ठरलं. काकीचा प्राइम टाइम वेगळा आहे. सकाळची भाकरी झाल्यावर आणि गुरं सोडल्यावर निघायचं, आणि शेवटची एसटी चुकता कामा नये. त्यात बसेल तो खेळ. हा हिशेब जमला नाही म्हणून किती चांगले सिनेमे वाडीत कुणी पाहिलेच नाहीत. ते मग वर्षाने मोबाइलवर येतात, रेंज असली तर. काकीला मोबाइलवरचा सिनेमा मान्य नाही. तोंडं बारीक दिसतात आणि मध्येच कुणाचा तरी फोन येतो.

काल देवळाच्या पारावर जत्रांची पत्रकं चिकटलीत, कंपन्यांची नावं लाल शाईत. दादा चष्मा काढून ती वाचत उभे होते. तेव्हा सिनेमा बघून ज्यांना खरा दशावतार बघावासा वाटला असेल त्यांना सांगते: कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू होतात, त्या पावसाच्या तोंडापर्यंत सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवणपासून तिकडे पेडण्यापर्यंत कुठे ना कुठे चालू असतात. तिकीट नाही. आधी गणपती आणि संकासुराचा आडदशावतार असतो, मुख्य आख्यान मध्यरात्रीच्या पुढे लागतं, तेव्हा जेवून या आणि घोंगडी घेऊन या. बसायला पेटीवाल्याच्या बाजूची जागा धरा. नटाचे पाय तिथून दिसतात.